अल्प-गोंगाट विवर्धक

अल्प-गोंगाट विवर्धक, अर्थात लो-नॉइज ॲम्प्लिफायर, हे रेडिओ ग्राहीमध्ये अँटेनाच्या लगत असणारे पहिले विवर्धक मंडल होय. अँटेनाकडून आलेला अतिक्षीण संकेत स्वतःचा गोंगाट शक्य तितका कमी मिसळून मोठा करणे हे त्याचे काम असते. मोबाइल दूरध्वनी, उपग्रह दिशादर्शन, रडार आणि रेडिओ खगोलशास्त्र या सर्व क्षेत्रांत ग्राहीची संवेदनशीलता मुख्यतः याच टप्प्यावर ठरते. महाराष्ट्रात या विषयाशी निगडित संशोधन व अभिकल्प मुंबई उपनगरातील पवई येथे आणि पुणे जिल्ह्यातील खोडद येथे झाले आहेत.

गोंगाट आणि पहिल्या टप्प्याचे महत्त्व

निरपेक्ष शून्यापेक्षा अधिक तापमान असलेल्या प्रत्येक रोधकात इलेक्ट्रॉनांच्या यादृच्छिक हालचालीमुळे औष्णिक गोंगाट निर्माण होतो. २९० केल्विन तापमानाला त्याची पातळी दर हर्ट्‌झ पट्टरुंदीमागे −१७४ डीबीएम असते. दिशादर्शक उपग्रहाकडून जमिनीवर पोहोचणारा संकेत साधारण −१३० डीबीएम, म्हणजे वॅटच्या दहा हजार लाख कोटींव्या भागाइतका असतो. २ मेगाहर्ट्‌झ पट्टरुंदीत औष्णिक गोंगाट सुमारे −१११ डीबीएम होतो. म्हणजेच संकेत गोंगाटाच्या खाली पन्नास ते शंभर पटींनी दबलेला असतो. ज्ञात सांकेतिक क्रमाशी तुलना करून तो पुढे शोधून काढता येतो; परंतु सुरुवातीलाच मिसळलेला जादा गोंगाट नंतर वेगळा करता येत नाही.

विवर्धकाने संकेत-गोंगाट गुणोत्तर किती बिघडवले हे ‘गोंगाट अंक’ या राशीने सांगतात. बेल प्रयोगशाळेतील हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, साखळीतील प्रत्येक पुढच्या टप्प्याचा गोंगाट त्याच्या आधीच्या सर्व टप्प्यांच्या एकूण लाभाने भागला जातो. उदाहरणार्थ, पहिल्या टप्प्याचा गोंगाट अंक १.५ डेसिबल व लाभ २० डेसिबल असेल आणि पुढील टप्प्याचा गोंगाट अंक १० डेसिबल असेल, तर दोहोंचा मिळून गोंगाट अंक सुमारे १.८ डेसिबलच होतो. याउलट, सामान्य तापमानाला विवर्धकाच्या आधीच्या तारेत किंवा गाळणीत १ डेसिबल संकेत वाया गेला, तर ती संपूर्ण हानी गोंगाट अंकात जमा होते. म्हणून हा विवर्धक अँटेनाच्या शक्य तितका जवळ बसवतात.

एकात्मिक मंडलातील रचना

अँटेना व गाळणीशी जुळण्यासाठी विवर्धकाचा आदान संरोध बहुधा ५० ओहम ठेवावा लागतो. आदानाला समांतर ५० ओहमचा रोधक जोडल्यास संरोध जुळतो, परंतु त्या रोधकाच्याच गोंगाटामुळे गोंगाट अंक ३ डेसिबलच्या वर जातो. ‘सामायिक गेट’ रचनेत ट्रान्झिस्टरची पारसंवाहकता २० मिलिसीमेन्स ठेवून हाच संरोध मिळवतात. ही रचना विस्तृत पट्ट्यासाठी सोयीची आहे. मात्र तिचा गोंगाट अंक आदर्श स्थितीतही सुमारे २.२ डेसिबल असतो.

अरुंद पट्ट्यासाठी ‘सामायिक सोर्स’ रचना अधिक प्रचलित आहे. तीत ट्रान्झिस्टरच्या सोर्सला लहान प्रवर्तक, म्हणजे तारेचे वेटोळे, जोडतात. त्यामुळे आदानाशी रोधासारखा परिणाम मिळतो, पण प्रत्यक्ष रोधक नसल्याने त्याचा औष्णिक गोंगाट येत नाही. डेरेक शेफर व टॉमस ली यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला, जीपीएस ग्राहीसाठीचा १.५ गिगाहर्ट्‌झ सीमॉस विवर्धक याच पद्धतीचा होता. स्वस्त सीमॉस प्रक्रियेतही असा विवर्धक होऊ शकतो, हे त्या कामाने दाखवून दिले.

अभिकल्पातील तडजोडी

सर्वांत कमी गोंगाट देणारा संरोध आणि सर्वाधिक शक्ती स्वीकारणारा संरोध एकच नसतो. दोन्ही जवळ आणण्यासाठी ट्रान्झिस्टरची रुंदी व विद्युत्प्रवाह काळजीपूर्वक निवडावे लागतात. प्रवाह वाढवल्यास बहुधा गोंगाट घटतो, पण बॅटरी लवकर संपते. सिलिकॉनवरील प्रवर्तक बरीच जागा व्यापतात आणि त्यांच्या धातूचा रोध स्वतः गोंगाट करतो. स्थिर विद्युतापासून संरक्षण देणारे घटक आदानाशी अनावश्यक धारकता वाढवतात. शेजारच्या पट्ट्यातील प्रबळ संकेतामुळे विवर्धक संपृक्त होण्याचाही धोका असतो. तो टाळण्यासाठी आधी गाळणी लावल्यास गोंगाट अंक बिघडतो, न लावल्यास रेषीयतेवर ताण येतो.

महाराष्ट्रातील कार्य

पवई: आयआयटी मुंबईच्या परिसरात ‘समीर’ या सूक्ष्मतरंग संशोधन संस्थेचे मुख्य केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका सूक्ष्मतरंग विभागातून १९८४ मध्ये ही संस्था आकाराला आली. आयआयटी मुंबईत प्रा. राजेश झेले यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांच्या गटाने ‘ध्रुव’ ही रेडिओ ग्राही चिप विकसित केली. नाविक व जीपीएस या दोन्ही प्रणालींचे संकेत ती स्वीकारते. नाविकचे एल-५ व एस हे पट्टे अनुक्रमे ११७६.४५ व २४९२.०२८ मेगाहर्ट्‌झवर, तर जीपीएसचा एल-१ पट्टा १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर आहे. इतक्या दूरदूरच्या वारंवारतांवर कमी गोंगाट राखणे ही अशा बहुपट्टी ग्राहीच्या पहिल्या टप्प्यापुढील मुख्य अडचण असते.

खोडद: नारायणगावजवळील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत (जीएमआरटी) प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. अल्प-गोंगाट विवर्धक प्रत्येक अँटेनाच्या नाभीशी बसवलेले असून पुढे संकेत प्रकाशतंतूंमधून मध्यवर्ती इमारतीत नेला जातो. हे विवर्धक अतिशीत केलेले नाहीत. १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास आकाशगंगेचाच गोंगाट काहीशे केल्विन असल्याने तेथे विवर्धक थंड करून फारसा लाभ होत नाही. हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्‌झ रेषेजवळ मात्र आकाश बरेच शांत असते. तेथे विवर्धकाचा प्रत्येक केल्विन गोंगाट निरीक्षणाचा कालावधी वाढवतो.

हे सुद्धा पहा
• औष्णिक गोंगाट
• नाविक
• जीएमआरटी
• एकात्मिक मंडल