दिल्ली दरवाजाने आत

पेशव्यांचं पुणं दाखवायचं असलं की मी पाहुण्याला शनिवारवाड्यापाशी बोलावत नाही, चाकणला थांबवतो. पुण्यातले जाणकार यावर नाक मुरडतात. मुरडोत. माझे बहुतेक पाहुणे चाकणच्या कारखान्यांत नवं मशिन बसवायला आलेले परदेशी इंजिनिअर असतात आणि उतरलेलेही तिथल्याच हॉटेलात असतात. भोसरीच्या टूलरूममधून निवृत्त झाल्यावर मी हा उद्योग धरला. गुरुवारी, कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीला, एक पाहुणा किंवा एक कुटुंब, एवढंच. जत्रा घेऊन फिरणं मला जमत नाही.

चाकणचा संग्रामदुर्ग म्हणजे भुईकोट. डोंगराचा आधार नाही, जो काही भरवसा तो तट आणि खंदकाचा. आज तटाचे तुकडे आणि पडझडीतून उरलेलं थोडं बांधकाम दिसतं. पाहुणा पाच मिनिटांत घड्याळ बघायला लागतो, तेव्हा मी १६६० काढतो. मोगल सरदार शाएस्ताखान पुण्यात येऊन बसला होता, पण त्याची रसद उत्तरेकडून येणार आणि त्या वाटेवर चाकण शिवाजी महाराजांच्या हातात. जूनमध्ये त्याने वेढा घातला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. भर पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने किल्ला लढला. शेवटी मोगलांनी बुरुजाखाली भुयार खणलं, सुरुंग ठासला आणि ऑगस्टच्या मध्यावर बुरूज उडवला. फिरंगोजीला खानाने चाकरी देऊ केली, ती त्याने घेतली नाही. चाकणचं नाव बदलून इस्लामाबाद ठेवलं गेलं. आज ते नाव रिक्षावाल्याला सांगून बघा.

पाहुणे म्हणतात, ‘काका, हे सगळं खरं, पण याचा राजधानीशी काय संबंध?’ उत्तर मोशी, भोसरी, नाशिक फाटा या ट्रॅफिकमध्ये देता येतं, वेळ भरपूर असतो. माझं म्हणणं असं की एका भुईकोटाने दोन महिने खाल्ल्यावर डोंगरी किल्ल्यांचा हिशोब खानाच्या लक्षात आला असणार. तो पुण्यात, शिवाजी महाराजांच्याच लाल महालात मुक्काम ठोकून राहिला, आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराज तिथेच त्याच्या अंगावर चालून गेले. बोटं गमावून खान सुटला. पुढे औरंगजेबाने त्याची बंगालला रवानगी केली. आजचा लाल महाल महापालिकेने विसाव्या शतकात बांधलेला आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. जुन्या वास्तूतलं तिथे काही नाही. जागा मात्र तीच, कसब्यातली.

तिथून शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत १७३२ च्या जानेवारीत, खर्च १६,११० रुपये. आकडा ऐकून इंजिनिअर मंडळी लगेच मनात गुणाकार करतात. वाड्याच्या दिल्ली दरवाजाशी मी त्यांना खिळ्यांच्या टोकांकडे नीट पाहायला लावतो. हत्तीचं कपाळ कुठल्या उंचीवर येईल, याचा विचार करून ते ठोकलेले आहेत. आमच्या टूलरूममध्ये असलं काम बघून कुणीही मान डोलावली असती. दरवाजाचं तोंड उत्तरेला आहे, म्हणजे आम्ही ज्या बाजूने आलो त्याच बाजूला.

आत गेल्यावर प्रश्न ठरलेला: ‘राजाचा महाल कुठला?’ राजा इथे नव्हताच. छत्रपतींची गादी साताऱ्याला. पहिल्या बाजीरावाने घर बांधलं ते प्रधानाचं, म्हणजे पेशव्याचं. छत्रपती शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये वारले, पुढल्या वर्षी सांगोल्याचा करार झाला आणि मग कारभार खऱ्या अर्थाने पुण्यात आला. तरीसुद्धा पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यायची. १७७४ मध्ये पुरंदर किल्ल्यावर जेमतेम चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावासाठी ती अशीच आणली गेली. पाळण्यातल्या मुलाला पद द्यायचं तरी कागद साताऱ्याचा लागे. हे कळलं की पाहुण्यांचा चेहरा खुलतो. मुख्य कार्यालय एकीकडे आणि निर्णय भलतीकडे, हा प्रकार त्यांच्या परिचयाचा असतो.

वाड्याच्या खुनांच्या आणि आरोळ्यांच्या गोष्टी मी थोडक्यात उरकतो; त्या सांगणारे बाहेर पुष्कळ आहेत. मला पाण्याजवळ थांबायला आवडतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी शहरात आणलं. पंप नाही, सगळा उताराचा खेळ. मध्ये मध्ये उच्छ्वास बांधलेले, म्हणजे नळातली हवा निघून जाते आणि गाळ खाली बसतो. या नळावरच्या काळ्या हौदापाशी उभं राहून हे समजावताना मला वाड्यातल्या कुठल्याही दालनापेक्षा जास्त बोलायला लागतं, आणि इंजिनिअर वहीत आकृती काढायला लागतात. कात्रज ते शनिवारवाडा एवढ्या अंतरात उतार सांभाळणारा माणूस कोण असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

शेवटचा थांबा विश्रामबाग वाडा. शेवटच्या पेशव्याचं, दुसऱ्या बाजीरावाचं हे घर, लाकडी कोरीवकाम बघण्यासारखं. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. ते चढवणारा इंग्रजांच्या बाजूचा बाळाजीपंत नातू; हे नाव सांगितलं की पुणेकर पाहुणा असला तर हमखास तोंड वाकडं करतो. १८२१ मध्ये इंग्रजांनी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पैसा पेशव्यांच्या जुन्या दक्षिणेच्या निधीतला. श्रावणात ब्राह्मणांना जो वाटला जायचा, त्यातला काही आता शास्त्र्यांच्या पगाराला गेला. त्याच शाळेचं पुढे डेक्कन कॉलेज झालं. शनिवारवाडा मात्र १८२८ मध्ये आगीत जळाला. तट, दरवाजे आणि दगडी जोती तेवढी राहिली.