अतिवास्तव कुणाचे?

घोडबंदर रस्ता अहमदाबादच्या महामार्गाला मिळतो त्या वरसाव्यात, रविवारी चार-दोन पोरे माझ्याकडे वाचायला बसतात. त्यांतल्या एकाने विचारले, "सर, ढसाळ सर्रिअलिस्ट होते का? आमच्या नोट्समध्ये तसे लिहिले आहे."

आंद्रे ब्रेताँने अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ साली पॅरिसमध्ये काढला. पहिल्या महायुद्धात त्याने वेड लागलेले सैनिक जवळून पाहिले होते. ही कत्तल घडवणाऱ्या शहाणपणावरचा त्याचा विश्वास उडाला आणि तो स्वप्नाकडे, नेणिवेकडे वळला. बंड खरे होते, हे मान्य केलेच पाहिजे.

नामदेव ढसाळांना स्वप्नात उतरण्याची गरज नव्हती. पूर-कनेरसरचा हा पोरगा मुंबईत कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढला, पुढे टॅक्सी चालवू लागला. १९७२ साली 'गोलपिठा' आला, तेव्हा प्रस्तावना लिहिण्यासाठी विजय तेंडुलकरांना कवीबरोबर ती वस्ती हिंडावी लागली, शब्दांचे अर्थ विचारावे लागले. त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. बाकीच्यांनी विचारण्याचे कष्ट घेतले नाहीत; कळले नाही त्याला 'अतिवास्तव' म्हणून मोकळे झाले.

त्यांची १९८१ ची कादंबरी घ्या. 'हाडकी हाडवळा' हे नावच पाहा. मेलेली ढोरे ओढायची, त्या बदल्यात महारांना जमिनीचा तुकडा. आणि त्या तुकड्यापायी रात्रंदिवस सरकारची नि गावाची वेठ. १८७४ च्या वतन कायद्याने ही गुलामी बांधून ठेवली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात तिच्याविरुद्ध विधेयक आणले. वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. पॅरिसच्या कोणत्या स्वप्नात अशी कल्पना सुचली असती? इथे ती कुलकर्ण्याच्या दप्तरात नोंदलेली होती.

म्हणून बाहेरचे काही घेऊच नये, असे मी म्हणत नाही. ढसाळ लघु-अनियतकालिकांच्या मंडळींत वावरले, तिथे युरोपची चर्चा रोजचीच होती. मार्तिनिकचा काळा कवी एमे सेझेर याने तर ब्रेताँचे हत्यार उघडपणे उचलले, आणि त्याने स्वतःच्या लोकांची पुरलेली गुलामी उकरली. १९४१ साली ब्रेताँ त्या बेटावर उतरला तेव्हा सेझेरची कविता वाचून थक्क झाला. तिथे युरोप वाचक होता. आमच्याकडे मात्र ढसाळांना पॅरिसचा विद्यार्थी ठरवण्याची घाई.

एवढे बोलून मी पोराला नोट्स बाजूला ठेवायला सांगितले, आणि हाडकी म्हणजे काय ते घरी विचारून ये, म्हणालो. पुढच्या रविवारी तो आला. शब्द त्याच्या आजीला माहीत होता. त्यांच्या गावात ते रान कोणत्या ओढ्यापलीकडे होते, तेही.