साखळी गेली, पट्टा आला
एकेकाळी शिवाजी पार्कला वळसा घालत धावणारी काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कुर्ल्याच्या कारखान्यात घडली. तिच्या इंजिनात क्रँक आणि कॅमशाफ्टला जोडणारी टायमिंगची साखळी होती. डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००मध्ये त्या जागी रबरी दातेरी पट्टा होता. आता पट्टा बसवताना चाकांवरच्या खुणा जुळवल्या की झालं, मेकॅनिकच्या हाताचं मोल संपलं, असं म्हणतात. मला ते पटत नाही. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी व्हायला हवी. पट्टा एक दात सरकला तरी व्हॉल्व्ह अवेळी उघडतात, गाडी ओढत नाही. शिवाय जुळलेल्या खुणाही पट्टा ताणताना हलू शकतात. म्हणून क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा पाहाव्या लागतात. ढिली साखळी खडखडून सांगायची. पट्टा बहुधा न सांगताच तुटतो. पट्टा बदलून घेताना त्या दोन फेऱ्या झाल्या का, एवढं जरूर विचारा.