पाठीमागचा समुद्र

मुरूड म्हटलं की लोकांना जंजिऱ्याचं वाटतं. आमचं मुरूड दापोली तालुक्यातलं, हर्णैशेजारचं. गाव म्हणजे एक लांबलचक रस्ता आणि दोन्ही अंगांना घरं. समुद्राकडच्या ओळीतल्या घरांचीही तोंडं रस्त्याकडेच. पुढे खळं, मग ओटी, माजघर, मागीलदार, विहीर आणि तिथून पुळणीपर्यंत नारळी-पोफळीची वाडी. खारा वारा माडांनी अडवायचा. "समुद्र पाठीशी बरा, तोंडासमोर नको," आजी म्हणायची.

रस्त्याकडे तोंड असलं की कुणाकडे कोण आलं हे गावाला लगेच कळतं. धोंडो केशव कर्वे इथलेच. 1893 साली विधवेशी पुनर्विवाह करून ते पत्नीसह गावी आले, तर गावानं वाळीत टाकलं. 1958 साली त्यांना भारतरत्न मिळालं. आता गावात त्यांचा पुतळा आहे, आणि आम्ही तो पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो!

आजोबांच्या काळी मुंबईला जायचं ते हर्णैहून बोटीनं. गेलेल्यांच्या मनीऑर्डरींवर घरांना कौलं चढली, आणि पुढे त्यातल्याच कित्येक घरांना कुलपं लागली. कुळकायद्यात शेतं गेली. कसणाऱ्यांना मिळाली, त्यात वावगं काही नव्हतं. पण आमच्या ओटीवर हे मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. राहिली फक्त वाडी.

मग पर्यटक येऊ लागले. आईनं पाहुण्यांना जेवू घालून पहिल्यांदा पैसे घेतले, तेव्हा ते पदराखाली लपवून आत नेले होते. जेवणाचे पैसे घेणं तिला चोरीसारखं वाटलं. पुढे तीच दर ठरवू लागली. शेजारीपाजारी वाडीच्या टोकाला खोल्या उठल्या, समुद्राकडे तोंड करून.

आम्ही बांधल्या नव्हत्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट आडवे. दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावर उभा राहिलो, तर आमच्या घराच्या बाजूनं थेट लाटा दिसत होत्या. जन्मात पहिल्यांदा.

मी म्हटलं, पुन्हा लावू. भाऊ म्हणाला, "पोफळ धरायला सहा-सात वर्षं. तोवर खायचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मागीलदारी चार खोल्या आहेत, दारं समुद्राकडे. त्यांच्यापुढच्या पट्टीत मी रोपं लावलीत. गुडघ्याच्या वर आलीत. परवा एक पाहुणे चहा पिता पिता विचारत होते, "काका, ही झाडं वाढली की समुद्र झाकणार नाही ना?"