आज्ञावलीलेखनातील बहुज्ञ आणि विशेषज्ञ : एक ऐतिहासिक विचार

सॉफ्टवेअरच्या व्यवसायात एका शाखेत पारंगत व्हावे की अनेक शाखांत गती मिळवावी, हा प्रश्न सामान्यतः व्यक्तीच्या आवडीनिवडीचा मानला जातो. तथापि या व्यवसायाच्या पहिल्या तीन दशकांचा इतिहास निराळी साक्ष देतो. बहुज्ञ व विशेषज्ञ यांमधील सीमारेषा कामाच्या संघटनेने आखली आणि यंत्रविद्येच्या प्रगतीने ती पुनःपुन्हा हलविली, असे त्यावरून दिसून येते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील 'एनिॲक' हे यंत्र १९४६ साली जगापुढे आले. त्यावर गणिते मांडण्याचे काम सहा स्त्रियांकडे होते. यंत्र घडविणारे अभियंते आणि ते चालविणाऱ्या स्त्रिया, अशी ही विभागणी वरवर स्पष्ट होती. प्रत्यक्षात ती टिकली नाही. यंत्राच्या आराखड्यांवरूनच त्यांना सारे शिकावे लागले. त्यामुळे सुमारे १८,००० निर्वात नलिकांच्या त्या पसाऱ्यात दोष कोठे आहे, हेही त्या शोधू लागल्या. त्यांपैकी बेटी स्नायडर (पुढे होल्बर्टन) यांनी १९५९ नंतर 'कोबोल' भाषेच्या रचनेतही भाग घेतला.

१९४७-४८ मध्ये गोल्डस्टाइन व फॉन नॉयमन यांनी आज्ञावलीच्या सिद्धतेविषयी जे प्रबंध लिहिले, त्यांत नियोजन आणि संकेतलेखन हे टप्पे वेगळे मांडले आहेत. प्रवाह-आकृती काढणे हे बुद्धीचे काम, तर तिचे यंत्राच्या संकेतांत रूपांतर करणे हे बव्हंशी ठरीव काम, अशी समजूत पुढे रूढ झाली व 'कोडर' हे दुय्यम पद निर्माण झाले. परंतु १९५७ साली जॉन बॅकस यांच्या गटाने आय.बी.एम.मध्ये 'फोरट्रान'चा अनुवादक सिद्ध केला, तेव्हा ते ठरीव कामच यंत्राकडे जाऊ लागले. त्याच वेळी अनुवादक रचणाऱ्यांचे नवे विशेष क्षेत्र उदयास आले, हेही विसरता येत नाही.

मोठ्या प्रकल्पांनी या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. 'सिस्टिम/३६०' साठीच्या कार्यप्रणालीचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले, की काम वाटण्याची खरी किंमत परस्परसंवादात मोजावी लागते. १० माणसांत ४५ जोड्या होतात, ५० माणसांत १,२२५. यावर हार्लन मिल्स यांची सूचना त्यांनी पुरस्कारिली : शस्त्रक्रियेच्या वेळी असतो तसा १० जणांचा गट असावा, त्यात परीक्षक, साधने घडविणारा, भाषेच्या खाचाखोचा जाणणारा असे विशेषज्ञ असावेत, पण रचना एकाच मुख्य प्रोग्रामरच्या हाती राहावी. त्याच्या जोडीला असणारा सहायक मात्र साऱ्या आज्ञावलीशी परिचित असावा.

सारांश, विशेषज्ञता अनावश्यक ठरली असे इतिहास म्हणत नाही. ब्रुक्स यांच्या गटातही बहुसंख्य विशेषज्ञच होते. धोका होता तो दुसऱ्याने ठरवून दिलेल्या कामापुरतेच ज्याचे ज्ञान सीमित राहिले त्याला. कोडरचे पद लोपले. शेजारचे काम समजून घेणाऱ्या बेटी होल्बर्टन यांना मात्र यंत्र बदलले, भाषा बदलली, तरी नवे कार्य लाभत गेले. आज संकेतलेखनाचा मोठा भाग पुन्हा यंत्राकडे सोपविला जात असताना, अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी या अनुभवाचा विचार करणे अगत्याचे आहे.