उटणे, वज्री आणि कायमचा केशनाश

पायांवरची नकोशी लव वारंवार घासल्याने कायमची नाहीशी होते, ही समजूत आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहे. तान्ह्या मुलीला न्हाऊ घालताना डाळीचे पीठ, साय व हळद लावून कणकेच्या गोळ्याने तिचे अंग चोळण्याचा प्रघात कित्येक घरांत आहे. पुढे तीच मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली आणि तिच्या पोटऱ्यांवर केस दिसू लागले, की 'लहानपणी नीट चोळले नाही' हा ठपका तिच्या आईवर येतो. ठपका ठेवण्यापूर्वी पुरावा तपासावा, हा न्यायाचा पहिला दंडक. तो या समजुतीला लावून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

अंग घासण्याची चाल आपल्याकडे प्राचीन आहे, यात शंका नाही. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाचे उटणे हे संस्कृतातील 'उद्वर्तना'शीच नाते सांगते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उद्वर्तन, उत्सादन व उद्घर्षण यांचे गुण वर्णिले आहेत : कफ व मेद कमी होतो, अवयव दृढ होतात, त्वचा निर्मळ होते, खाज शमते. या गुणांत केशनाशाचा उल्लेख नाही. केस काढण्याचा विषय त्याच स्थानात व्रणांच्या उपचारात वेगळा आला आहे. तेथे वस्तरा, कातर व चिमटा ही साधने सांगितली असून, शंखचूर्ण व हरताळ यांचा लेपही दिला आहे. घासून केस घालवावे, असे तेथे म्हटलेले नाही. कामसूत्रातील नागरकाच्या दिनचर्येतही उत्सादन दर दुसऱ्या दिवशी, फेनकाने अंग स्वच्छ करणे दर तिसऱ्या दिवशी व क्षौर दर चौथ्या दिवशी, असा क्रम नेमून दिला आहे. घासण्याने केस कायमचे जात असते, तर चौथ्या दिवसाच्या क्षौराचे प्रयोजन काय उरले असते?

पायांच्या केसांवर प्रत्यक्ष घर्षणाचा प्रयोग झाल्याची स्पष्ट साक्ष प्राचीन रोममध्ये मिळते. तेथे ज्वालामुखीतून निघणारा सच्छिद्र दगड त्वचा गुळगुळीत करण्यासाठी वापरीत. ख्रिस्तशकाच्या आरंभीचा कवी ओव्हिड याने पुरुषांना या खरखरीत दगडाने पाय न घासण्याचा सल्ला दिला आहे. म्हणजे घासणारे होते, हे उघड आहे. सम्राट ऑगस्टसचे चरित्र लिहिणाऱ्या स्वेटोनियसने त्याच्या एका विरोधकाचा आरोप नोंदविला आहे. ऑगस्टस तापलेल्या अक्रोडाच्या कवचाने पायांचे केस जाळतो, आणि तेही पुन्हा उगवणारे केस मऊ यावेत म्हणून, असा तो आरोप होता. निंदेच्या भरातसुद्धा निंदकाने केस पुन्हा उगवतात हे गृहीत धरले आहे.

'कायमचा' हा शब्द या व्यवहारात बाजाराने बळकट केला. १९१५ साली जिलेट कंपनीने अमेरिकेत स्त्रियांसाठी वस्तरा काढला. दुसऱ्या महायुद्धात नायलॉन लष्करी कामाकडे वळले, मोजे दुर्मिळ झाले आणि उघड्या पायांची चिंता वाढली. त्या काळाच्या आसपास सुताराच्या काचकागदासारखे खरखरीत हातमोजे केस काढण्यासाठी विकले जात. 'कायमच्या' उपायाच्या हव्यासाने याहून घोर अनर्थही घडले. १९२० नंतरच्या दशकात क्ष-किरणांनी केस घालवून घेतलेल्या अनेक स्त्रियांना पुढे व्रण व कर्करोग झाले. १९३० च्या सुमारास विकल्या गेलेल्या थॅलियमयुक्त मलमाने कित्येकींचे मज्जातंतू निकामी झाले.

आता शरीरशास्त्राची साक्ष घेऊ. आपण पाहतो तो केस निर्जीव असतो. त्याचे जिवंत मूळ त्वचेच्या पृष्ठभागाखाली काही मिलिमीटर खोल असते. वज्री, दगड किंवा हल्ली मिळणारी कोरीव काच वरचा धागा झिजवते. मुळाशी तिची गाठ पडत नाही. वस्तऱ्याने केस जाड होतात, ही उलट समजूतही १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी मोजमाप घेऊन खोटी ठरविली होती. वरून केलेल्या कर्माचे फळ मुळापर्यंत पोहोचत नाही, हेच दोन्हींचे कारण.

प्रतिपक्षाचा पुरावाही दडवून चालणार नाही. काही प्रौढ पुरुषांच्या पोटऱ्यांवर केसविरहित चट्टे आढळतात. १९३९ साली रोंकेझे व चेस या त्वचातज्ज्ञांनी त्यांचे वर्णन करून ते रोगाचे लक्षण नसल्याचे सांगितले. विजार व मोजे यांच्या घर्षणाकडे अनेकांनी बोट दाखविले आहे. पण विजार घालणारे अगणित, चट्टे असणारे थोडे. उलट, खांद्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या घासल्या जाणाऱ्या जागी केस वाढल्याचीही नोंद वैद्यकात आहे. एकच कारण कोठे केस घालविते व कोठे वाढविते, त्यावर हमी उभी राहत नाही. त्वचा जळून वा सोलून तिचा व्रण भरला, तर तेथे केस येत नाहीत हे खरे; पण तो केशनाश नव्हे, त्वचानाश होय.

मग तान्ह्या मुलांची लव चोळल्याने जाताना दिसते, तिचे काय? ती लव न चोळताही काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप गळते. हा शुद्ध काकतालीय न्याय आहे : कावळा बसला आणि फळ पडले. वयात येताना उगवणारे केस अंतःस्रावांच्या प्रभावाने येतात. बाळपणीचे चोळणे त्यांना अडवू शकत नाही.

मूळ नष्ट करणारा उपाय १८७५ साली सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने प्रसिद्ध केला. डोळ्यांत टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी त्याने सुईवाटे मुळाशी वीज नेली. आजच्या लेसर यंत्रांनाही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली ती 'कायमची घट' एवढ्याच शब्दांना. म्हणजे केसांचे पूर्ण वाढचक्र उलटल्यावरही टिकणारी संख्येतील घट. वीज आणि किरण वापरणाऱ्यांना जेथे शब्द तोलून वापरावे लागतात, तेथे कणकेच्या गोळ्याकडून पूर्ण हमीची अपेक्षा कशी करावी?

आमचा अभिप्राय स्पष्ट आहे. उटणे लावावे, ते स्वच्छतेसाठी व सणाच्या आनंदासाठी. तान्ह्या बाळाची कोवळी कातडी रगडू नये. मोठ्या मुलींनीही पाय खरवडून घेऊ नयेत. आपल्या सावळ्या वर्णावर त्याचे काळे डाग दीर्घकाळ राहतात, आणि केस मात्र परत येतात. केस एकाएकी फार वाढले, तर वैद्याचा सल्ला घ्यावा. आणि मुलीच्या पायांवर लव आली म्हणून तिच्या आईला बोल लावणाऱ्यांनी तो आरोप परत घ्यावा. त्याला आधार देणारा एकही साक्षीदार आम्हांस आढळला नाही.