वाचकांची पत्रे आणि नगर जिल्हा

देशाचा कारभार, बाजारभाव आणि राजकारण यांबद्दल सामान्य माणसाला काय वाटत होते, हे इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. तेथे पुढाऱ्यांची भाषणे असतात, सभांचे ठराव असतात, सरकारी अहवाल असतात. सारा वाढला तेव्हा शेतकरी काय बोलला, धान्य महागले तेव्हा विणकराच्या घरात काय चर्चा झाली, याची नोंद ठेवायला कोणी बसलेले नव्हते. त्यातल्या त्यात एक जागा मात्र अशी आहे की जेथे हा माणूस स्वतःच्या शब्दांत भेटतो. ती म्हणजे वृत्तपत्रांतील वाचकांच्या पत्रांची जागा. या जागेचा इतिहास नगर जिल्ह्यापुरता तपासावा, आणि त्यातून आम्हा मुस्लिम मराठी लिहिणाऱ्यांच्या हाती काय लागते ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

1490 मध्ये अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या कागदांवर अहमदनगर आहे आणि लोकांच्या तोंडी पूर्वीपासून नुसते ‘नगर’ आहे. मुसलमानाने मराठीत लिहावे ही गोष्ट या मातीला नवी नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला तो सतराव्या शतकात. तेव्हा मराठीत आपले म्हणणे मांडणारा मुसलमान वाचक हा आजचा पाहुणा आहे, असे कोणी समजू नये.

छापील मराठी मताची सुरुवातही नगरला लवकर झाली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 1832 मध्ये मुंबईत निघाले आणि अवघ्या दहा वर्षांनी, 1842 मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने नगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. हेन्री बॅलेंटाइन हे त्याचे पहिले संपादक. पत्राचा हेतू धर्मप्रचाराचा होता, हे उघड आहे. पण एकदा पत्र निघाले की ते वाचणाऱ्यालाही बोलावेसे वाटते. काही वर्षांनी ‘ज्ञानोदय’ मुंबईस गेले आणि 1855 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच पत्राने मुक्ता साळवे या मांग समाजातील शाळकरी मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. ती पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. जिच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, तिचे मत छापले गेले आणि म्हणूनच आज ते आपल्याला वाचता येते. ते छापले गेले नसते तर त्या दुःखाबद्दल आपण फक्त इतरांचे म्हणणे वाचत बसलो असतो.

मत मांडायला जागा नसली म्हणजे काय होते, याचा दाखलाही याच जिल्ह्यात आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि ते लोण नगर जिल्ह्यातील गावांत पसरले. कापसाचे भाव कोसळले होते, साऱ्याचा बोजा वाढला होता, कर्ज फिटत नव्हते. जमावाने जागोजागी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. माणसांच्या जिवावर उठण्यापेक्षा कागद नष्ट करण्यावर त्यांचा भर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लिहिलेला कागद फक्त सावकाराच्या बाजूने बोलतो, हे त्या निरक्षर माणसाला अनुभवाने कळले होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा केला.

शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारा कागद याच सुमारास तयार होत होता. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ काढले. 1879 च्या जुलैत सरकारने पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू केले. पोस्टकार्डाचा हा उल्लेख किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. खेड्यातल्या माणसाला संपादकापर्यंत पोहोचण्यासाठी यापेक्षा स्वस्त वाहन दुसरे नव्हते. कागद, लखोटा आणि तिकीट अशा तीन खर्चांऐवजी एकाच कार्डावर काम भागू लागले.

भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील. नगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातले तरवडी हे त्यांचे गाव. त्यांनी 1910 च्या नोव्हेंबरमध्ये ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सुरू केले आणि खेड्यात राहूनच ते चालवले. वृत्तपत्र म्हणजे पुण्या-मुंबईचा व्यवहार, अशी समजूत असलेल्या काळात एका खेड्यातून बहुजनांचे साप्ताहिक निघावे आणि अर्धशतकाहून अधिक काळ चालावे, ही मराठी पत्रकारितेतील मोठी घटना आहे. 1967 मध्ये मुकुंदरावांचे निधन झाले. तोवर हे पत्र आणि तरवडी ही नावे एकमेकांपासून वेगळी झाली नाहीत.

1910 हे साल पत्र काढायला सोपे नव्हते. त्याच वर्षी इंग्रज सरकारने वृत्तपत्रांचा कडक कायदा केला होता. नव्या छापखान्याकडून 500 ते 2000 रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा आणि मजकूर खटकल्यास तो जप्त करण्याचा अधिकार त्या कायद्याने दिला. दुसरी अडचण वाचकांची. 1911 च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरात जेमतेम सहा माणसे साक्षर होती. पण खेड्यातील वृत्तपत्राचा हिशेब वर्गणीदारांवरून करता येत नाही. गावात एक अंक येई, लिहिता-वाचता येणारा एखादा तो पारावर किंवा चावडीपाशी मोठ्याने वाचून दाखवी आणि बाकीचे ऐकत. मजकुरावर तेथेच वाद होत. म्हणजे ‘वाचक’ या शब्दात ऐकणाराही धरावा लागतो. त्याचे मत दुसऱ्याच्या हाताने कार्डावर उतरे, पण मत त्याचेच असे.

‘दीनमित्रा’चा विषय हा त्या माणसाच्या रोजच्या जगण्याचा विषय होता. कुलकर्ण्याचे दप्तर, सावकाराचे व्याज, लग्नातील कर्ज, भिक्षुकाची दक्षिणा, मुलांची शाळा, अस्पृश्यता. मुकुंदरावांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहून गावकारभारातील लबाडी चव्हाट्यावर आणली. आज हे विषय आपण सामाजिक, आर्थिक, राजकीय असे वेगवेगळ्या कप्प्यांत टाकतो. तेव्हाच्या शेतकऱ्याला ते कप्पे ठाऊक नव्हते. सातबाऱ्यात फेरफार करणारा, व्याज वाढवणारा आणि मुहूर्त काढून देणारा यांचे संगनमत त्याला समोर दिसत होते.

सत्यशोधक परंपरेत शेतकरी हा आधी शेतकरी होता. फुल्यांचे शिक्षण बंद पडले असता ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून त्यांच्या वडिलांना समजावणाऱ्यांत गफ्फारबेग मुन्शी होते, आणि पुढे फुल्यांनी ‘मानव महंमद’ ही रचना केली, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. नगर जिल्ह्यातील बागवान, तांबोळी, आतार, पिंजारी, शिकलगार यांचे पोट गावगाड्यावरच चालत होते. पीक बुडाले की पिंजाऱ्याची गादी कोणी भरून घेत नसे आणि आताराची पेटी उघडत नसे. त्यामुळे सावकारी, दुष्काळ आणि बाजार यांवर बोलण्याचा त्यांचा हक्क शेतकऱ्याइतकाच जुना आहे.

यानंतर नगरच्या किल्ल्याकडे यावे लागते. ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर 9 ऑगस्ट 1942 रोजी काँग्रेसच्या कार्यकारिणीला मुंबईत पकडून या किल्ल्यात आणण्यात आले. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथेच लिहिले. मौलाना आझाद त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि त्याआधी ‘अल-हिलाल’चे संपादक म्हणून त्यांनी सरकारचा रोष ओढवून घेतला होता. ज्याने आयुष्यभर वाचकांसाठी लिहिले, त्याला आता वाचक नव्हता. त्यांनी आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली, पण ती टपालात टाकता येत नव्हती. 1943 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कोलकात्यात वारल्या, तेव्हाही ते याच किल्ल्यात होते. ही पत्रे 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपाने आली. त्यांत चहा आहे, चिमण्या आहेत, संगीत आहे. चालू राजकारण मात्र फारसे नाही. सत्ता जेव्हा मत बंद करते तेव्हा पहिला घाव टपालावर पडतो, हे नगरच्या किल्ल्याने दाखवून दिले. हाच घाव 1975 च्या आणीबाणीत स्वतंत्र देशातील वृत्तपत्रांवर पडला. अग्रलेखाची जागा कोरी सोडली तर ती लोकांना दिसते. न छापलेले वाचकाचे पत्र कोणालाच दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर नगर जिल्ह्याचे अर्थकारण बदलले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये उभा राहिला. उसाच्या दरावर, कालव्याच्या पाण्यावर, कारखान्याच्या निवडणुकीवर बोलणारा नवा सभासद तयार झाला. त्याच जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे. 1972 च्या दुष्काळात हजारो हात खडी फोडायला बसले. त्या अनुभवातून वाढलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 1979 पासून अमलात आला. मस्टरवर नाव आहे का, मजुरी वेळेवर मिळते का, हे प्रश्न विचारणारा मजूर हिंदू की मुसलमान, हे खडीच्या ढिगाला कळत नव्हते. पुढे राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचाही वाटा असलेला माहितीच्या अधिकाराचा कायदा राज्यात 2002 मध्ये आणि देशात 2005 मध्ये आला. पत्र लिहून विचारण्याच्या जुन्या सवयीला त्याने उत्तर मिळवण्याचा हक्क जोडून दिला.

आता प्रश्न आमचा. मराठीत मुसलमान वाचकाचे मत कधी विचारले जाते? 1966 मध्ये हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तेव्हा विचारले गेले. 1985 च्या शाहबानो निकालानंतर विचारले गेले. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला, तेव्हा पुन्हा विचारले गेले. हे प्रश्न खरे आहेत. आमच्या भगिनींच्या आयुष्याचे आहेत आणि त्यांवर बोललेच पाहिजे. पण साखरेचा दर, बँकेचे कर्ज, नगरपालिकेचे पाणी, एस.टी.चे भाडे यांवर त्याच माणसाला कोणी विचारत नाही. जणू काही तो फक्त मशिदीत राहतो आणि बाजारात कधी जातच नाही. सच्चर समितीचा अहवाल 2006 मध्ये आला, तेव्हा शिक्षण, नोकरी आणि कर्जपुरवठा या अंगांनी मुसलमानाकडे पाहिले गेले. त्याआधी 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यामागे हीच तगमग होती की आमच्या जगण्याबद्दल आम्हीच मराठीत बोलावे.

यात एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या काळी ‘एक शेतकरी’, ‘एक वाचक’ अशा सहीने पत्र छापता येई. गावकामगाराची भीती असणाऱ्याला ती सोय फार मोठी होती. आता पूर्ण नाव आणि गाव द्यावे लागते. पत्राखाली शेख, पठाण, सय्यद, बागवान असे नाव दिसले की काही जण मजकुराआधी नाव वाचतात आणि पुढचे मत स्वतःच ठरवून टाकतात. म्हणून आमच्यातले पुष्कळ जण लिहिण्याचे टाळतात. त्यांची भीती आम्हाला समजते. पण नाव पाहून मत ठरवणाऱ्याला दुसरा उपाय नाही. तेच नाव कांद्याच्या भावाखाली, रस्त्याच्या खड्ड्याखाली, शाळेच्या शिक्षकांच्या रिकाम्या जागांखाली वारंवार दिसले, तर डोळ्याला त्याची सवय होते.

कांद्याचेच पाहा. नेवासे तालुक्यातील घोडेगावचा कांदा बाजार सगळ्यांना माहीत आहे. तरवडीही त्याच तालुक्यात. केंद्र सरकारने 2020 च्या सप्टेंबरमध्ये कांद्याची निर्यात बंद केली, 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लावले आणि डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी घातली. ती 2024 च्या मे महिन्यात उठली. या निर्णयांनी शेतकऱ्याचा भाव पाडला, तसाच माल घेऊन ठेवलेल्या बागवानाचा व्यापारही अडवला. शहरात कांदा विकत घेणाऱ्या घराचा विचार वेगळा असू शकतो. या तिघांनीही आपापले म्हणणे लिहिले, तरच निर्णयाचा खरा हिशेब मांडता येईल.

मत मांडायला आज हातातला मोबाईल आहे, हे खरे. पण तेथे लिहिलेले आठवड्याने शोधू म्हटले तरी सापडत नाही. छापलेल्या पत्राला तारीख असते, गाव असते, आणि ते ग्रंथालयाच्या फायलीत शंभर वर्षे राहू शकते. मुक्ता साळवेंचा निबंध तसाच राहिला. नगर, श्रीरामपूर, संगमनेर येथील लहानमोठ्या वृत्तपत्रांच्या जुन्या फायली आज वाळवीच्या आणि रद्दीच्या तावडीत आहेत. त्यांतील मुस्लिम वाचकांची पत्रे वेचून काढण्याचे काम महाविद्यालयांतील आमच्या तरुण अभ्यासकांनी हाती घ्यावे, असे आम्ही सुचवतो. ज्यांच्या घरात वडिलांनी किंवा आजोबांनी छापून आलेल्या पत्रांची कात्रणे वहीत चिकटवून ठेवली असतील, त्यांनी ती वही जपावी आणि कात्रणाखाली वृत्तपत्राचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. पुढे या जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्याला तिचा उपयोग होईल. तशी वही त्याच्या हाती लागली नाही, तर मुसलमानांबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेले तेवढेच त्याला मिळेल.